गहाण सुटलेले घर

पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमदानीखाली आले आणि नव्या काबिजादीत गणले जाऊ लागले; जुन्या माणसांच्या बोलण्यात ते अद्यापि महालच आहेत. या महालांत मागच्या पिढीतले घर सहसा एका वर्षात उभे राहत नसे. एका साली चौथरा, दुसऱ्या साली चिऱ्यांच्या भिंती, पुढे काजूचा मोसम बरा गेला किंवा मुंबईस नोकरीला असलेल्या भावाची मनीऑर्डर आली म्हणजे कौले, आणि गिलाव्याचे तर काय, घरातले एखादे लग्न ठरेपर्यंत त्याची कोणाला निकड वाटत नसे. असे घर पुरे व्हायला दहा-पंधरा वर्षे लागत. पण जे उभे राही ते ज्याचे त्याचे असे, त्यावर कोणाचा बोजा नसे.

आज हा क्रम उलटला आहे. घर आठ-दहा महिन्यांत रंगासकट पुरे होते, आणि त्यापुढची वीस वर्षे ते हप्त्याहप्त्याने आपले होत राहते. हा बदल वाईट झाला असे मी मुळीच म्हणणार नाही. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसीची स्थापना केली आणि १९८८ साली राष्ट्रीय आवास बँक अस्तित्वात आली. त्याआधी पगारदार माणसाला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज मिळण्याचे मार्ग फारच थोडे होते, आणि ज्यांचे घर पुरे होता होता उमेद सरून जाई अशा असंख्य कुटुंबांना या व्यवस्थेने ऐन तारुण्यात छप्पर दिले. माझे म्हणणे एवढेच आहे की, हे कर्ज ठरल्या मुदतीच्या पुष्कळ आधी फेडता येते, ते तसे फेडणे गोव्याच्या या भागातल्या कुटुंबांना विशेष अगत्याचे आहे, आणि त्यासाठी संसारातला आनंद गहाण टाकावा लागत नाही.

प्रथम हिशेब पाहू. समजा, डिचोलीतल्या एखाद्या शिक्षक दांपत्याने साडेआठ टक्के दराने पंचवीस लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने घेतले. त्याचा मासिक हप्ता २१,६९६ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले १७,७०८ रुपये व्याजात जातात आणि मुद्दलात जेमतेम चार हजार जमा होतात. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता तेरा लाखांहून अधिक रक्कम भरल्यानंतर ही मंडळी शिल्लक विचारावयास बँकेत जातात, तेव्हा बावीस लाख अजून देणे आहेत असे त्यांना कळते. यात बँकेची लबाडी नाही. शिल्लक मुद्दलावर दरमहा व्याज आकारले की गणित असेच चालते. वीस वर्षांत एकूण बावन्न लाख भरले जातात, म्हणजे व्याज मुद्दलाहून अधिक होते. आपल्याकडे हिंदू धर्मशास्त्राने दामदुपटीचा नियम घातला होता आणि मुंबई इलाख्यात इंग्रजी न्यायालयांनीही तो मानला होता. त्या नियमाप्रमाणे सावकाराला एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. हप्त्याहप्त्याने होणाऱ्या वसुलीला तो नियम लागू पडत नाही हे खरे. पण ऋणकोच्या डोक्यावर किती भार असावा याविषयी आपल्या पूर्वजांच्या मनात एक मर्यादा होती, आणि ती मर्यादा आज ज्याची त्यानेच स्वतःला घालून घ्यावयाची आहे.

ती घालण्याची रीत सोपी आहे. याच दांपत्याने दर वर्षाअखेर एक हप्ता जादा भरला, तर वीस वर्षांचे कर्ज पावणेसतरा वर्षांत फिटते आणि व्याजाचे पाच लाखांहून अधिक रुपये वाचतात. याहून महत्त्वाचा प्रश्न रक्कम केव्हा भरली याचा आहे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एकदाच एक लाख रुपये मुद्दलात भरले, तर शेवटचे एकवीस हप्ते नाहीसे होतात आणि साडेतीन लाखांहून अधिक व्याज टळते. तेच एक लाख पंधराव्या वर्षी भरले, तर सात हप्ते कमी होतात आणि पन्नास हजारांच्या आतबाहेर बचत होते. म्हणून ‘आधी मुलांची शिक्षणे उरकू, मग निवृत्तीच्या पैशातून कर्जाचे पाहू’ हा जो विचार घरोघर ऐकू येतो, तो मला चुकीचा वाटतो. रोप लहान असताना घातलेले पाणी अधिक लागू पडावे, तशी लहानशी रक्कम आरंभीच्या वर्षांतच कामास येते. ती भरताना मात्र मुदत कमी करून मागावी. बँकेला तसे लेखी कळवावे, नाही तर हप्ता कमी होतो, मुदत तशीच राहते आणि लाभाचा मोठा भाग निसटतो.

मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँका पूर्वी दंड घेत. ५ जून २०१२ रोजी रिझर्व्ह बँकेने बदलत्या दराच्या गृहकर्जांवर असा दंड घेण्यास बँकांना मनाई केली. आणि बदलता दर म्हणजे काय याचा अनुभव तर आपण मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत घेतलाच. या अवधीत रेपो दर चारांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. त्याच्या दोन वर्षे आधी सात टक्क्यांनी पंचवीस लाख घेतलेल्या माणसाचा १९,३८२ रुपयांचा हप्ता साडेनऊ टक्के दराने जवळजवळ सगळाच्या सगळा व्याजात जाऊ लागला, आणि हप्ता न वाढवता मुदत वाढवून घेतलेल्या पुष्कळांचे कर्ज त्यांच्या निवृत्तीच्या तारखेपलीकडे गेले. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सांगितले की दर बदलेल तेव्हा हप्ता वाढवावा की मुदत, हे ऋणकोला विचारले पाहिजे. हा अधिकार पुष्कळांना माहीत नसतो. तो माहीत असावा.

आता या दोन महालांकडे येतो. कारण येथे कर्ज लवकर फेडण्याचे प्रयोजन केवळ व्याजाच्या बचतीचे नाही. डिचोलीची अर्थव्यवस्था कित्येक वर्षे लोहखनिजावर उभी होती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ साली मर्यादित उत्खननाची परवानगी मिळाली. आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन त्या मार्चच्या मध्यापासून पुन्हा सर्व ठप्प झाले. या निकालांमागे पर्यावरणाची आणि सार्वजनिक संपत्तीची जी कारणे होती ती मला मान्य आहेत. पण ज्याने ट्रक कर्जाने घेतला होता आणि ट्रकाच्या भरवशावर घरही कर्जाने बांधले होते, त्याच्या दारात एका सकाळी दोन हप्ते उभे राहिले आणि मिळकत शून्य झाली. खाणबंदीने गांजलेल्या कर्जदारांसाठी राज्य सरकारला कर्जसवलतीची योजना काढावी लागली, एवढी ती आपत्ती व्यापक होती. पेडण्यात हेच दुसऱ्या रूपाने घडले. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावरच्या गावांनी पर्यटनाच्या उत्पन्नावर खोल्या वाढवल्या, आणि २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे पाहुणा येईनासा झाला. त्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत हप्ते स्थगित ठेवण्याची मुभा मिळाली, परंतु हप्ते थांबले तरी व्याज थांबले नव्हते. ज्या मुलखात मिळकतीचे मुख्य साधन एका हुकुमाने वा एका साथीने बंद पडू शकते, तेथे निदान राहते घर तरी कोणाच्या तारणात असू नये, असे मला मनापासून वाटते.

मग जादा हप्त्याचे पैसे आणावयाचे कोठून? येथे मला आमच्या भागातल्या गृहस्थीची जुनी घडी आठवते, आणि ती स्मरणरंजनासाठी मी सांगत नाही. पावसाळ्याआधी घराघरांतून होणारी बेगमी, म्हणजे आगरवाड्याचे मीठ, वाळवलेली सोले, चिंच, सुके बांगडे आणि सुंगटे, उन्हात खडखडीत केलेली हरमलची मिरची, उकड्या तांदळाची पोती, ही चार महिन्यांच्या महागाईपासून केलेली तटबंदीच असते. घरामागच्या पोरसात तांबडी भाजी, वाल, भेंडी आणि दोन माडांचे नारळ निघाले, तर बुधवारच्या डिचोलीच्या किंवा शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात जाणारी पिशवी हलकी राहते. सकाळची पेज, दुपारचे हुमण-शीत, संध्याकाळी पडवीत बसून होणाऱ्या गप्पा. यात कोणते दारिद्र्य आहे? चवथीला रानातून आणलेल्या फळापानांची माटोळी बांधावी, घुमटावर आरती म्हणावी, पेडण्याच्या पुनवेला जावे, थंडीच्या रात्री देवळापुढे गोधडी पांघरून दशावतार पाहावा, पावसात मुलांना हरवळ्याचा धबधबा दाखवून आणावा. आयुष्यात ज्यांची आठवण राहते अशा या गोष्टींना खर्च अल्प लागतो, आणि शहरांतल्या मंडळींना ज्या सुखासाठी पैसे मोजून येथे यावे लागते ते येथल्या माणसाला उंबरठ्यातच लाभलेले आहे.

कर्ज फेडणे म्हणजे काटकसरीचे व्रत, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. मुलाची सहल चुकवून, आजारी आईची तपासणी पुढे ढकलून, चवथीला माहेरवाशिणीची ओटी रिकामी ठेवून जो हप्ता भरला जातो, त्या हप्त्याने घर मुक्त झाले तरी घरातली माणसे दुखावतात. खर्चाचा खरा ओघ अन्यत्र असतो: दुसऱ्या कर्जाने घेतलेली मोठी मोटार, शेजाऱ्याच्या बरोबरीने केलेला लग्नाचा थाट, जुना फोन चालत असता घेतलेला नवा. त्यांतले एखादे टाळले तरी वर्षाचा जादा हप्ता निघतो. वार्षिक बोनस, महागाई भत्त्याची थकबाकी, काजूच्या बागेचे उत्पन्न अशी अधूनमधून येणारी रक्कम खात्यात विरण्यापूर्वी मुद्दलात घातली तर तेही पुरेसे होते.

काही सावधगिरी अवश्य हवी. सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असल्यावाचून आणि आजारपणाचा विमा उतरवल्यावाचून कर्जात जादा रक्कम घालू नये. कर्जात घातलेला पैसा अडचणीच्या दिवशी सहजी परत मिळत नाही. वैयक्तिक कर्ज वा क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर ती आधी फेडावी, कारण तिचा दर पुष्कळ चढा असतो. गृहकर्ज राहू द्यावे आणि पैसा म्युच्युअल फंडात घालावा, असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. दीर्घ मुदतीत बाजाराने कर्जाच्या दराहून अधिक दिले असेलही, पण ते अनिश्चित असते आणि टळलेले व्याज निश्चित असते. आयकराच्या जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती मिळत नाही, त्यामुळे करासाठी कर्ज ठेवण्याचे कारणही पुष्कळांपुरते संपले आहे. मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली आणि पेडण्यात जमिनीला गिऱ्हाईक वाढले. तेव्हा वडिलोपार्जित तुकडा विकून एका दमात कर्जमुक्त व्हावे, असा मोह होतो. मला तो मार्ग पसंत नाही. पंधरा वर्षांचे देणे चुकवण्यासाठी पुढल्या पिढ्यांचे पोरस आणि बाग देणे हा व्यवहार महागाचा आहे.

या विवेचनात ज्यांना कर्ज मिळतच नाही त्यांचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. डिचोली तालुक्यातल्या मये गावातली पुष्कळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांत राहिली त्यांची जमीन पोर्तुगीज काळातल्या एका सरदार घराण्याची. गोवामुक्तीनंतर ती स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी देखरेखीखाली गेली आणि राहणाऱ्याच्या हाती मालकीचा कागद कधी आलाच नाही. कागद नाही म्हणून तारण नाही, तारण नाही म्हणून बँक नाही. २०१४ साली विधानसभेने या जमिनींवरील मालकी हक्क आणि इनामे नष्ट करणारा कायदा केला, तो या दीर्घ प्रतीक्षेनंतर. मुंडकारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना, १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले, परंतु घर विकत घेऊन जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढवण्यासाठी मामलेदार कचेरीत घातलेल्या खेपा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना घर गहाण ठेवता येणे हीसुद्धा एक पात्रता असते हे सांगावे लागत नाही.

कर्ज फिटले म्हणजे काम संपले असे नाही. गहाण सोडवून घेण्याचा हक्क १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ऋणकोला दिला आहे, पण सोडवलेली वस्तू हाती पडेपर्यंत गोमंतकीयांनी काय सोसले आहे याला इतिहास साक्षी आहे. बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेत लोकांनी तारण ठेवलेले दागिने मुक्तीच्या तोंडावर, १९६१ साली, लिस्बनला नेण्यात आले आणि ते भारतात परत यायला १९९१ साल उजाडावे लागले. आज रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशाप्रमाणे संपूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत मिळालेच पाहिजेत, आणि बँकेमुळे विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. दस्तऐवज घेताना कर्जाच्या वेळी दिलेल्या यादीशी एकेक कागद ताडून पाहावा: विक्रीखत, सनद, मंजूर नकाशा, कर्ज फिटल्याचा दाखला. गहाणखत नोंदलेले असल्यास उपनिबंधकाच्या कचेरीत त्याच्या मुक्ततेची नोंद करून घ्यावी आणि केंद्रीय तारण नोंदणीतून बोजा उतरल्याची खात्री करावी.

आणि या कामाला पतिपत्नींनी दोघांनी मिळून जावे. गोव्यात अमलात असलेल्या नागरी कायद्याप्रमाणे, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर, दोघांची मालमत्ता सामाईक असते. म्हणूनच गहाण ठेवताना बँकेने दोघांच्याही सह्या घेतलेल्या असतात, आणि १९६१ च्या आयकर कायद्यानेही कलम ५-अ अन्वये पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मे वाटले होते. घरातला हिशेब वर्षानुवर्षे जिने सांभाळला, तिला शिल्लक किती आणि दस्तऐवज कोठे ठेवले आहेत हे ठाऊक नसावे, असे आजही पुष्कळ घरांत घडते. कागदांची पेटी कोठे आहे आणि तिची किल्ली कोणाकडे आहे, हे त्याच दिवशी दोघांनी ठरवून टाकावे.