विश्लेषण : वैमानिकांची टंचाई, तरी परवानाधारक तरुण घरी का?

वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाल्यावर डिसेंबर २०२५च्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि वैमानिकांची टंचाई सर्वसामान्य प्रवाशांनाही कळली. त्याआधी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली होती. या बातम्या वाचून अनेक पालक मुलांना वैमानिक करण्यासाठी कर्ज काढत आहेत. तरीही व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती असलेले अनेक तरुण नोकरीच्या शोधात आहेत.

टंचाई नेमकी कोणाची?

प्रामुख्याने कॅप्टनची. नवोदिताला मिळतो तो सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना. त्यावर प्रवासी विमानात सहवैमानिक म्हणून बसता येते. कॅप्टन होण्यासाठी एटीपीएल हा वरचा परवाना लागतो आणि त्याला किमान १५०० तासांचे उड्डाण हवे. नवोदिताकडे असतात जेमतेम २००. कंपनीला आज कॅप्टन हवा असेल, तर आज बाहेर पडलेला विद्यार्थी तिच्या उपयोगाचा नाही.

दोनशे तासांत काय येते?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या म्हणजेच डीजीसीएच्या नियमांनुसार या २०० तासांपैकी १०० तास विमानाची जबाबदारी स्वतः विद्यार्थ्याने घ्यायची असते. किमान ३०० सागरी मैलांचा एक प्रवास करून वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरावे लागते. रात्रीचे पाच आणि केवळ उपकरणांच्या आधारे दहा तास वेगळे. जोडीला नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षा. उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण. रेडिओवर बोलण्याचा परवाना निराळा काढावा लागतो.

खरी मेख वेळेत आहे. माहितीपत्रकात दीड वर्ष लिहिलेले असते. पावसाळ्यात उड्डाणे रखडतात, विमान दुरुस्तीला जाते, प्रशिक्षक दुसऱ्या संस्थेत निघून जातो. आता यात नियम असा, की १०० तासांपैकी १५ तास परवान्याच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात आणि उड्डाणाच्या चाचण्याही तेवढ्याच ताज्या लागतात. म्हणजे दिरंगाई संस्थेची असली, तरी शिळे झालेले तास पुन्हा उडवायचे विद्यार्थ्याने आणि पैसेही त्यानेच भरायचे. डीजीसीएने २०२५ मध्ये प्रथमच प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी लावली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, शिरपूर अशा ठिकाणी प्रशिक्षण चालते. प्रवेशापूर्वी तिथली इमारत पाहण्यापेक्षा प्रत्यक्ष उडणारी विमाने किती आणि विद्यार्थी किती, हे मोजलेले बरे. गेल्या वर्षी किती जणांचे २०० तास पूर्ण झाले, हेही विचारावे.

परवान्यानंतरचा खर्च कोणता?

भारतात परवान्यापर्यंतचा खर्च साधारण ४० ते ५० लाखांच्या घरात जातो. पण प्रशिक्षण झालेले असते ते चार-दोन आसनी छोट्या विमानावर. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चालवायचे तर त्या विशिष्ट विमानाचे ‘टाइप रेटिंग’ लागते. ते सिम्युलेटरवर होते आणि बहुधा पंधरा-वीस लाख आणखी मागते. विमान कंपन्यांच्या ‘कॅडेट’ योजनेत निवड आधीच होते. मात्र तिथे एकूण खर्च कोटीच्या आसपास किंवा वर जाऊ शकतो आणि लेखी करारातल्या अटींना जाहिरातीपेक्षा जास्त वजन असते. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते. ते घर असते, नाहीतर शेत. नोकरी लागो न लागो, हप्ते सुरू होतात.

मग आधी काय करावे?

वैद्यकीय तपासणी. प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. ते नसेल तर मुक्त विद्यालयातून देता येते. शरीराचे तसे नाही. प्रशिक्षण सुरू करताना ‘वर्ग दोन’ची तपासणी पुरते, पण व्यावसायिक परवान्याला ‘वर्ग एक’चे प्रमाणपत्र लागते आणि त्यात हृदय, कान, डोळे, रंगांची ओळख सारे बारकाईने पाहिले जाते. चष्मा असणे ही अपात्रता नाही. पण ‘वर्ग एक’ हातात येण्याआधी शुल्काचा मोठा हप्ता भरला आणि तपासणीत दोष निघाला, तर पैसे परत मिळणे त्या संस्थेच्या करारावर अवलंबून असते.