वळचणीत मसाल्याचे डबे!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कल्याणच्या जुन्या घरांवर लेख लिहीत होते. डोंबिवलीला लेडीज डब्यात चढले, फोर्थ सीट मिळाली (नशीबच म्हणायचं!) आणि मोबाइलवर शेवटचा पॅरा खरडायला घेतला. आजीच्या बोलण्यातला ‘वळचण’ हा शब्द तिथे फिट्ट बसत होता. पण अर्थ? एका एआय चॅटबॉटला विचारला. त्याने ठणकावून सांगितलं, भिंतीतली फळी. झालं! ‘आमच्या आजीच्या घरी वळचणीत मसाल्याचे डबे असत’ असं लिहून मी मोकळी.

लेख छापून आला. आजीने भिंग लावून वाचला आणि फोन केला. “अगं, वळचण म्हणजे छपराची बाहेर आलेली कड. पावसाचं पाणी तिथूनच गळतं. तिथे मसाला कोण ठेवेल? आणि माझं नाव घालून लिहिलंयस!” शेजारपाजारच्या बायकांनी तिची भरपूर फिरकी घेतली होती. मानधन वेळेवर आलं, पण आजीच्या नावावर मी खोटं छापलं ही बोच राहिली. तेव्हापासून माझ्या मोबाइलमध्ये काही गोष्टी कायमच्या बुकमार्क आहेत. ऑफिस सांभाळून लिहिणाऱ्या तुमच्यासारख्यांनाही त्या कामी येतील. आणि हो, सगळ्या चकटफू!

आधी शब्द, मग वाक्य
शिकागो विद्यापीठाच्या साइटवर दक्षिण आशियातल्या भाषांचे कोश आहेत. त्यात मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश आहे आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही (१९३२ ते १९५०). शब्द टाका, अर्थ समोर. ‘वळचण’ तिथे शोधायला मला एक मिनिटही लागलं नसतं! अनेक कोश एका झटक्यात बघायचे असतील, तर ‘बृहद्कोश’ ही साइट गाठा. ऑफिसच्या कामात एखाद्या इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द हवा असेल, तर राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही ऑनलाइन आहेत. आणि एखाद्या विषयाची पक्की माहिती हवी? मग मराठी विश्वकोश आहेच.

चौकोनांचा ताप
मेल केलेला लेख समोरच्याकडे चौकोन आणि विचित्र चिन्हांच्या रूपात पोचलाय कधी? माझा पोचलाय, तोही डेडलाइनच्या रात्री. जुन्या फॉन्ट्समध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की सगळा घोळ. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, तोही १९९१पासून. तेव्हा लिहायचं ते युनिकोडमध्येच. जुन्या फाइल्ससाठी फॉन्ट कन्व्हर्टर मिळतात, फक्त नंतर जोडाक्षरं नीट तपासा.

बोटं दुखतायत? बोला!
जीबोर्डवर आणि गूगल डॉक्समध्ये मराठी बोलून टाइप करता येतं. पहिला कच्चा खर्डा मी असाच काढते. पण गर्दीच्या डब्यात हा प्रयोग नको. बाजूच्या काकूंचा भाजीचा हिशोब माझ्या लेखात आला होता! विरामचिन्हं हातानेच टाकलेली बरी.

ऱ्हस्व की दीर्घ?
मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण १८. त्यातले १४ १९६२चे, बाकीचे चार १९७२चे. ‘कवी’ दीर्घ, पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व, अशी गंमत त्यातूनच कळते. स्पेलचेकवर सगळा भार टाकू नका. तो चुकीचं अक्षर पकडेल, चुकीचा अर्थ नाही. माझी ‘वळचण’ त्याच्या दृष्टीने अगदी शुद्ध होती! अडलं की मी ठाण्याचे दिवंगत शुद्धलेखनतज्ज्ञ अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ उघडते. हे टूल मात्र कागदी आहे.

ठाण्याचा शिक्का
जुनी मराठी पुस्तकं ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर स्कॅन केलेली सापडतात. एकदा रात्री दोन वाजता असंच एक पुस्तक उघडलं, तर पहिल्याच पानावर शिक्का: मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे. १८९३ साली सुरू झालेली आपल्या शेजारची लायब्ररी मी अशी जगाला वळसा घालून पाहिली! पुढच्या शनिवारी मग प्रत्यक्षच गेले. कल्याणकरांना तर १८६४पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे.

चॅटबॉट मी सोडलेला नाही. हेडिंग सुचवायला, लांबलेला पॅरा कापायला तो बरा. शब्दाचा अर्थ मात्र कोशातच बघायचा, आणि घरातल्या माणसाबद्दल लिहिलं असेल तर छापण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवायचं. हा लेखही कालच फोनवर आजीला वाचून दाखवला. तिने एकच दुरुस्ती सुचवली, “मसाल्याचे डबे नाही गं, बरण्या होत्या.”