सुकेळी खाल्लीत का कधी?

या रविवारी एक गंमत करा. ज्या लाइनवर रोज सकाळी चर्चगेटकडे लटकत जावं लागतं, त्याच लाइनवर उलट्या दिशेने बसा. सकाळची विरार लोकल, आणि चक्क विंडो सीट!

आता तुम्ही म्हणाल, वसई तर पाहिलीये. पाहिली असेलच. किल्ल्यात रील झाली, रिसॉर्टच्या स्विमिंग पूलमध्ये डुंबून झालं, येताना आगाशीचं भुजिंगही हाणलं. भुजिंगबद्दल तक्रार नाहीच. कोळशावर भाजलेलं चिकन, त्यात पोहे, बटाटा आणि मसाला, हे ज्याला सुचलं त्याला सलाम. पण त्या दिवशी तुमच्या खिशातून गेलेल्या पैशांपैकी वसईत नेमके किती राहिले? मी एकदा तिथल्या एका रिसॉर्टवर ‘लोकल स्पेशल’ काय आहे म्हणून विचारलं, तर पनीर टिक्का आला. चव ठीक होती, पण त्यात वसईचं काहीच नव्हतं.

पैसा कुठे जातो, हा प्रश्न सिसिलीतल्या पोरांनी फार आधी विचारला. भूमध्य समुद्रातलं हे बेट आणि त्यातलं पालेर्मो शहर. तिथल्या काही मित्रांना पब काढायचा होता. हिशोब मांडताना लक्षात आलं की माफियाला द्यायची खंडणीही खर्चात धरावी लागणार. 2004 मध्ये एका रात्री त्यांनी शहरभर खंडणीविरोधी स्टिकर्स चिकटवले. त्यातून ‘आदिओपित्सो’ ही चळवळ उभी राहिली. आज तिथे जाणारा पर्यटक ठरवून खंडणी न देणाऱ्या हॉटेलात राहू शकतो, तशाच खानावळीत जेवू शकतो. सुट्टी तीच, समुद्र तोच. फक्त बिल कुणाच्या हातात द्यायचं, ते आधी ठरवायचं.

वसईत माफिया शोधायला जाऊ नका. इथली गोष्ट पाण्याची आहे.

पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये बावखलं असतात. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. पावसात ते भरतं, पाणी जमिनीत मुरतं आणि समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड राहतात. याच पाण्यावर पानवेली, फुलं, भाजी आणि केळी पिकली. रहाट फिरायचे, आणि पहाटेच्या लोकलने माल दादरला पोहोचायचा. मग इमारती आल्या, टँकर आले, बावखलं बुजू लागली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि ‘हरित वसई’चे कार्यकर्ते रस्त्यावर उतरले ते यासाठीच. हेच दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण वसईकरांना ते आधी पाण्यासाठी भांडलेले फादर म्हणून माहीत.

आता सुकेळी. पिकलेली राजेळी केळी सोलायची, उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करायची, सकाळी पुन्हा पसरायची. असे बरेच दिवस. मध्येच आभाळ आलं तर धावाधाव. वाळून मऊ, चिकट, तांबूस झाली की केळीच्याच सुक्या पानांत घट्ट बांधायची. साखर नाही, रंग नाही. वजन मात्र पार उतरतं, म्हणून भाव जास्त वाटतो. तिथे घासाघीस करू नका, प्लीज. प्रोटीन बारला आपण निमूट पैसे मोजतोच ना? राजेळीची बाग राखणं परवडलं नाही तर ती जागा कुणीतरी विकत घ्यायला टपलेलाच असतो.

माशांचंही तसंच. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या पापलेटचा हट्ट कशाला? तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण मागा, मजा येते. एरवीही पंजाएवढंसुद्धा नसलेलं पापलेट ताटात आलं तर पुढच्या वेळी मागवू नका. पापलेट 2023 पासून आपला राज्यमासा आहे, त्याला मोठं तरी होऊ द्या! कोळणीकडून थेट घेतलंत तर उत्तमच. वाडीतलं घरगुती जेवण हवं असेल तर दोन दिवस आधी फोन करून विचारा. कुणाच्याही अंगणात थेट घुसायचं नाही. तो रिसॉर्ट नाही, घर आहे.

फोटोंचंही सांगून टाकते. लाल लुगड्यातली आजी दिसली की आपले फोन आपोआप वर जातात. आधी बोला तिच्याशी. ती सामवेदी बोलत असेल तर कान देऊन ऐका. ही बोली तिथल्या ब्राह्मणांच्या घरात बोलतात आणि ख्रिस्ती घरातही. गप्पा झाल्यावर फोटोचं विचारा. नाही म्हणाली तर नाही.

किल्ल्यात जाच, पण थोडं वाचून जा. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला. तेव्हा मिळालेल्या चर्चच्या घंटांपैकी एक आज नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे. जपानमध्ये 1597 साली क्रुसावर चढवले गेलेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. एवढं माहीत असलं की त्या भिंतींवर बदामात नाव कोरायचा हात आपसूक थांबतो. बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं बॅगेतून परत आणा.

वेळ उरला तर सोपाऱ्याच्या स्तूपाकडे वळा, नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथे उत्खनन केलं होतं. गर्दी नसते, सावली असते. सुकेळ्यांचं पुडकं तिथेच सोडा, पण चार घरी न्यायला ठेवा. आणि परतताना विरारहून सुटणारी लोकल पकडा, संध्याकाळी वसईला चढायचं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच.