अटॅक तर सगळेच करतात: दिव्या देशमुख आणि आपलं कच्चं एंडगेम

कानात इअरफोन, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात डब्यातलं हँडल, अशा अवस्थेत हा पॉडकास्ट ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी बोललेलं थोडं नीटनेटकं करून इथे लिहितोय.

मी शहाडचा. कसाऱ्याकडून येणारी लोकल शहाडला पकडली की पुढचं स्टेशन कल्याण. मध्ये मोजून पाचेक मिनिटं. आता ऑनलाइन बुद्धिबळात तीन मिनिटांचा ब्लिट्झ डाव असतो ना, तो दोघांचा वेळ धरून जास्तीत जास्त सहा मिनिटांत संपतो. म्हणजे गाडी शहाडहून सुटली की डाव सुरू करायचा आणि कल्याणची गर्दी आत घुसायच्या आधी समोरच्याचा राजा गाठायचा. माझं निम्मं बुद्धिबळ या एका स्टेशनच्या अंतरात घडलंय.

आणि मला कुणी विचारलं, "तुझी स्टाईल काय रे?" तर मी छाती फुगवून सांगायचो, "अटॅकिंग." आमच्या ग्रुपमध्ये सगळेच अटॅकिंग आहेत. गंमत म्हणजे सगळ्यांचं रेटिंगही दोन वर्षं तिथल्या तिथेच घुटमळतंय.

हे असं का होतं, ते मला एका खऱ्या अटॅकिंग खेळाडूमुळे कळलं. नागपूरची दिव्या देशमुख. आज तिची शैली, तिची ताकद आणि तिनं स्वतःच दाखवलेली स्वतःची उणीव, या तिन्हीवर बोलू. मग त्याच मापानं आपलं ऑनलाइन प्रोफाइल मोजू.

ऑनलाइन पटावरची दिव्या

दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा. म्हणजे ऐकणाऱ्या बऱ्याच जणांच्या वयाचीच. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, समोरासमोरच्या स्पर्धा बंद पडल्या आणि फिडेनं, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं, ऑलिम्पियाड ऑनलाइन घेतलं. भारताच्या संघाचा कॅप्टन होता नाशिकचा विदित गुजराथी. संघात आनंद, हंपी अशी मोठी माणसं, आणि ज्युनिअर मुलींमध्ये १४ वर्षांची दिव्या. प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर खेळीला ५ सेकंद जादा.

३० ऑगस्ट २०२० ला रशियाशी फायनल झाली. पहिली फेरी ३-३. दुसऱ्या फेरीत काय झालं? नेट गेलं! निहाल सरीन आणि दिव्या या दोघांचं कनेक्शन तुटलं, घड्याळ चालूच राहिलं आणि दोघंही वेळेवर हरले. भारतानं दाद मागितली, आणि शेवटी भारत आणि रशिया दोघांनाही सुवर्णपदक मिळालं.

लोकलमध्ये नेटवर्क गेल्यामुळे हातातला डाव गमावलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट आपली वाटेल. फरक एवढाच की आपल्यासाठी फिडेचे अध्यक्ष धावून येत नाहीत. आपलं रेटिंग गेलं ते गेलंच.

तिची ताकद कुठे आहे?

दिव्या आक्रमक खेळाडू म्हणून ओळखली जाते. संधी दिसली की राजावर चालून जायचं, पट गुंतागुंतीचा करायचा, समोरच्याला शांत बसू द्यायचं नाही. पण नुसतं "अटॅकिंग" म्हटलं की तिची अर्धी ताकद नजरेतून सुटते. तिचे निकाल पाहा.

२०२३ मध्ये कोलकात्याच्या टाटा स्टील स्पर्धेत महिलांच्या रॅपिड गटात ती ऐनवेळी, वैशालीच्या जागी आली. रेटिंगनं यादीत सगळ्यात खाली होती. आणि ती स्पर्धा तिनं जिंकली. २०२४ मध्ये गांधीनगरला ज्युनिअर मुलींचं जागतिक विजेतेपद, ११ पैकी १० गुण. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या महिला संघाला सुवर्ण, आणि तिसऱ्या पटावर ११ पैकी ९.५ गुण करून दिव्याला वैयक्तिक सुवर्णसुद्धा.

यात तीन गोष्टी दिसतात. एक, नावाला आणि रेटिंगला ती दबत नाही. दोन, घड्याळ पळत असतानाही तिचं डोकं चालतं. आणि तीन, ती सातत्यानं गुण काढते. ११ पैकी ९.५ हे नुसत्या अटॅकवर होत नाही. कधीतरी वाईट स्थितीत चिवटपणे बसून राहावं लागतं, कधी कंटाळवाणा डाव तासन्‌तास खेळावा लागतो.

बाटुमीतला तो दिवस

आता येतो मुख्य मुद्दा. जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी शहर, महिलांचा वर्ल्ड कप. दिव्याचं मानांकन १५ वं. वाटेत तिनं दुसरं मानांकन असलेल्या चीनच्या झू जिनरला हरवलं, मग हरिकाला, मग माजी जगज्जेती तान झोंगयीला. फायनलला समोर कोनेरू हंपी. वय ३८, आणि रॅपिडची त्या वेळची जगज्जेती. दिव्या १९ वर्षांची.

दोन क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. पहिल्या डावात दिव्याला मोठी संधी होती, ती हुकली. मग २८ जुलैला टायब्रेक, म्हणजे रॅपिड. हंपीच्याच अंगणात! पहिला रॅपिड डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती. डाव लांबला, मोहरी कमी झाली, घड्याळं खाली आली. वेळेच्या ताणात हंपीकडून चूक झाली आणि दिव्या २.५-१.५ अशी जिंकली.

नेहमीच्या वाटेनं ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग लागतं. दिव्याकडे तोवर एकही नॉर्म नव्हता. वर्ल्ड कप जिंकल्यामुळे ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी. डोळ्यांत पाणी, आईला मारलेली मिठी, ते व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलेच असतील.

पण त्याच दिवशी ती आणखी एक गोष्ट बोलली, जी रील्समध्ये फारशी फिरली नाही. तिनं सांगितलं की मला एंडगेम शिकायला हवेत; शेवटच्या डावात मी कुठेतरी घोळ घातला, खरं तर तो सोपा विजय असायला हवा होता.

जरा थांबून विचार करा. वर्ल्ड कप जिंकलाय, सगळं जग कौतुक करतंय, आणि ही मुलगी सांगतेय की माझं इथे इथे कच्चं आहे. आणि आम्ही? हरलो की "लॅग झाला," आणि जिंकलो की "काय अटॅक मारला!"

तीन मिनिटांचा डाव काय लपवतो?

दिव्याचं ते बोलणं ऐकून मी माझे हरलेले डाव उघडून बसलो. जिंकलेले मुद्दाम बाजूला ठेवले. आणि लाज वाटली. कित्येक डावांत मी हत्तीनं पुढे होतो, एकदोनदा तर चक्क वजिरानं. राजावरचा हल्ला बरोबर जमला होता, मोहरी मिळाली होती. पण मग पट रिकामा झाला, आणि आता काय करायचं हेच मला माहीत नव्हतं. घड्याळ शून्यावर.

म्हणजे माझी "अटॅकिंग स्टाईल" काय होती? मला शेवट खेळता येत नव्हता, म्हणून मी तिथपर्यंत जायचंच टाळत होतो. त्याला मी स्टाईल असं छान नाव दिलं होतं.

यात थोडा दोष फॉरमॅटचाही आहे. हिशोब करा. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. डाव ४० खेळ्यांचा झाला तर एका खेळीला साडेचार सेकंद. पहिल्या विसेक खेळ्यांत आपण त्यातला बहुतेक वेळ उडवतो. उरलेला एंडगेम दहा सेकंदांत अंगठ्यानं खेळायचा. त्यातून कुणी काय शिकणार? आणि समोरचाही तसाच असल्यामुळे अनेकदा तोच घाबरून सोडून देतो. आपण जिंकतो, आणि आपली उणीव झाकलेलीच राहते.

आपलं प्रोफाइल कसं वाचायचं?

आता कामाचं. चेस डॉट कॉम असो की लायचेस, तुमचे सगळे डाव तिथे साठवलेले असतात. शेवटचे वीस हरलेले डाव उघडा आणि प्रत्येकापुढे खालीलपैकी एक लिहा.

पहिलं: "ओपनिंगमध्येच गेलो." म्हणजे पहिल्या दहा-बारा खेळ्यांत मोहरं गमावलं किंवा राजा मध्येच अडकला.

दुसरं: "फुकट दिलं." समोरच्याची धमकी दिसलीच नाही. घोड्याचा दुहेरी मारा, उंटाची तिरकी रेघ.

तिसरं: "घड्याळ गेलं." स्थिती चांगली होती, वेळ नव्हता.

चौथं: "जिंकलेला हरलो." हातात आलेला डाव शेवटी सुटला.

ज्या शब्दापुढे सगळ्यात जास्त खुणा, ती तुमची खरी स्टाईल. बाकी सगळं आपण मित्रांना सांगतो ते.

एक काळजी घ्या. इंजिन लगेच लावू नका. आधी स्वतः शोधा की डाव कुठे फिरला, मग इंजिनला विचारा. आणि ॲक्युरसीच्या टक्क्यांवर फार भाळू नका. समोरच्यानं दहाव्या खेळीला वजीर फुकट दिला तर आपली ॲक्युरसी नव्वदच्या वर जाते. त्यात आपलं कर्तृत्व काय?

मग उपाय. घड्याळ जात असेल तर तीन अधिक दोन खेळा. दर खेळीला दोन सेकंद मिळतात, म्हणजे ४० खेळ्यांना एकूण २६० सेकंद, खेळीला साडेसहा. ऐकायला कमी वाटतं, पण जिंकलेला डाव संपवायला ते दोन सेकंद पुरतात. मोहरी फुकट जात असतील तर रोज थोडी पझल्स सोडवा, पण अंदाजानं टिचकी न मारता, पूर्ण उत्तर डोक्यात आल्यावर. आणि आठवड्यातून दोन-तीन डाव तरी दहा मिनिटांचे खेळा, घरी, शांत बसून. लोकलमध्ये नको. कल्याणला धक्का बसला की अंगठा घसरतो आणि वजीर भलत्याच घरात जाऊन बसतो. स्वानुभव!

अजून एक. लागोपाठ दोन डाव हरलात की ॲप बंद. रात्री साडेबाराला "एक शेवटचा" म्हणत खेळलेले डाव मी मोजले नाहीत, मोजायची हिंमतही नाही.

आज रात्री एक एंडगेम

शेवटी एक गृहपाठ. पटावर फक्त तीन मोहरी ठेवा: तुमचा राजा, तुमचं एक प्यादं आणि समोरचा एकटा राजा. प्याद्याचा वजीर करायचाय.

आपण सगळे काय करतो? प्यादं पळवतो. समोरचा राजा येऊन त्याच्या वाटेत उभा राहतो, आणि बरोबरी. खरा नियम उलटा आहे: राजा पुढे, प्यादं मागे. तुमचा राजा प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीवर पोहोचला, तर चाल कुणाचीही असो, तुम्ही जिंकता. अपवाद फक्त कडेच्या प्याद्याचा. तिथे समोरचा राजा कोपरा गाठून वाचतो.

यामागे एक साधी कल्पना आहे, तिला ऑपोझिशन म्हणतात. दोन राजे समोरासमोर, मध्ये एकच घर. आता ज्याची चाल, त्याला बाजूला व्हावं लागतं. म्हणजे बुद्धिबळात कधीकधी चाल आपली नसणं हाच फायदा असतो. तीन मिनिटांच्या घाईत हे कधीच कळत नाही.

इंजिनविरुद्ध ही स्थिती दहा वेळा खेळा. दहाही वेळा जिंकता आलं की हत्ती आणि प्याद्याच्या शेवटाकडे वळा.

मी हल्ली शहाड ते कल्याण डाव लावत नाही. त्या पाच मिनिटांत आदल्या रात्रीचा एक हरलेला डाव पुन्हा पाहतो. रेटिंग अजून फारसं हललेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण परवा राजा आणि प्याद्यावर एक डाव शांतपणे जिंकलो, समोरचा शेवटच्या खेळीपर्यंत बसला होता, आणि मला प्रत्येक खेळी का खेळतोय ते माहीत होतं. असं दोन वर्षांत पहिल्यांदाच झालं.

तुमच्या वीस डावांत सगळ्यात जास्त खुणा कशापुढे पडल्या, ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. लॅगचं कारण चालणार नाही! भेटू पुढच्या भागात. तोवर राजा पुढे ठेवा, आणि उतरताना डब्यात मोबाइल विसरू नका.