अंगठ्याखालचं दशक

जून २०२५ मध्ये निन्टेंडोचा स्विच २ बाजारात आला. पहिल्या स्विचच्या जॉय-कॉन या कंट्रोलरनं लोकांना पुरतं छळलं होतं. स्टिकला हात लावला नाही तरी पडद्यावरचं पात्र आपोआप सरकत राहायचं. या ‘ड्रिफ्ट’वरून २०१९ मध्ये अमेरिकेत खटला झाला, २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी माफी मागितली. निदान नव्या यंत्रात तरी चुंबकावर चालणाऱ्या, हॉल इफेक्टच्या स्टिक येतील अशी आशा होती. त्या नाहीत, असं कंपनीनं विक्रीआधीच सांगून टाकलं. नव्वदचं दशक कंट्रोलर हातात घेऊन काढलेल्यांना हे फारच झोंबलं.

आधीच्या काळाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. अटारीची एकाच बटणाची जॉयस्टिक होती. मग १९८२ साली ‘डाँकी काँग’च्या गेम अँड वॉच या हातातल्या खेळयंत्रासाठी निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी अधिकच्या चिन्हासारखी कळ घडवली. पुढे ती निन्टेंडोच्याच फॅमिकॉम कन्सोलवर गेली आणि फॅमिकॉमच्या नकलांमधून महाराष्ट्रातल्या घरांतही पोचली.

खरी धमाल १९९० पासून. सुपर फॅमिकॉमनं उजव्या हाताला चार बटणं दिली, वरच्या कडेला दोन, आणि रिकामी बसलेली तर्जनी कामाला लागली. १९९४ मध्ये सोनीच्या तेइयू गोतो यांनी प्लेस्टेशनच्या पॅडला दोन मुठी फोडल्या आणि बटणांवर अक्षरांऐवजी आकृत्या आणल्या. वर्तुळ म्हणजे होय, फुली म्हणजे नाही. जपानमध्ये ही खूण पंचवीस वर्षं टिकली. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ नं तिथंही फुलीलाच ‘होय’ करून टाकलं. एवढी नेटकी योजना मोडायचं काहीच कारण नव्हतं.

१९९६ च्या उन्हाळ्यात निन्टेंडो ६४ चा तीन शिंगांचा कंट्रोलर आला. त्याचं कौतुक आजही वाजवीपेक्षा जास्त होतं. स्टिकखालचं प्लास्टिक घासून झिजायचं, स्टिक लुळी पडायची. ‘मारिओ पार्टी’त ती तळव्यानं गरागरा फिरवताना मुलांचे हात सोलले, तेव्हा न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांशी तडजोड करून कंपनीला हातमोजे द्यावे लागले.

त्याच उन्हाळ्यात सेगानं सॅटर्नसाठी ‘नाइट्स’ या खेळासोबत एक गोल, जाडसर पॅड आणला. त्याच्या स्टिकची जागा चुंबक आणि संवेदक ओळखत, म्हणजे तोच हॉल इफेक्ट. स्पर्शच नाही, म्हणून झीज नाही. १९९८ च्या ड्रीमकास्टमध्येही हीच रचना होती. पण १९९७ मध्ये दोन स्टिक आणि थरथर घेऊन सोनीचा ड्युअलशॉक आला होता, आणि जग त्याच्यामागे गेलं. त्याच्या आत मात्र पट्टीवर घासणारा पोटेन्शिओमीटर होता. २००१ मध्ये सेगानं कन्सोल बनवणं सोडलं, आणि स्टिकमधला चुंबकही मागे पडला.

आज गुलीकिट, एटबिटडूसारख्या लहान कंपन्या हॉल इफेक्टच्या स्टिक असलेले कंट्रोलर विकतात. जुन्या जॉय-कॉनमध्ये बसवायला गुलीकिटच्या सुट्या स्टिकही मिळतात. घेणारा आधी मूळ यंत्राचे पैसे मोजतो, आणि मग कारखान्यातच बसायला हवा होता तो भाग पदरमोड करून बसवतो.