घाटउतारावरील मालमोटार आणि एक्झॉस्ट ब्रेक

मुंबईतील करी रोड स्थानकावरून जाणारा मध्य रेल्वेचा मार्ग कल्याणपाशी दुभंगतो. एक फाटा कर्जतला, म्हणजे बोरघाटाच्या पायथ्याशी जातो. दुसरा कसाऱ्यास, थळघाटाच्या पायथ्याशी. करी रोडच्या भाजीविक्रेत्यांकडे येणारा लासलगावचा कांदा व पुरंदरचा वाटाणा याच दोन घाटांवरून, परंतु सडकेने, खाली उतरतो. भायखळ्याचा घाऊक भाजीबाजार १९९६ साली वाशीस गेला, तरी घाट काही चुकला नाही. पीक उत्तम आले, भरणी नीट झाली, आणि उतारावर मोटार आवरली नाही, तर मालाबरोबर चालकाचे व पुष्कळदा त्याच्या शेजारी बसलेल्या शेतकऱ्याचेही प्राण धोक्यात येतात. म्हणून भाड्याची मोटार ठरविणाऱ्यानेही हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

लोणावळ्याहून खोपोलीस येताना मोटार सुमारे ५५० मीटर खाली उतरते. मालासह १८ टन भरणाऱ्या मोटारीच्या या उतरण्यात जी ऊर्जा मोकळी होते, तिने ३० अंश उष्णतेचे सुमारे ३३० लिटर पाणी उकळीस येईल. वीस मीटरांस एक मीटर असा उतार असून वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर तिचे वजनच तिला सुमारे शंभर अश्वशक्तीने पुढे लोटीत असते. हा सर्व भार चाकांच्या ब्रेकांवर टाकला म्हणजे ड्रम तापून फुगतात, लायनरची पकड सुटते, आणि शेवटी पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. ब्रेक पुनःपुन्हा मारल्याने टाकीतील हवेचा दाबही उतरतो, ते वेगळेच.

हा भार इंजिनाने पेलावा यासाठी एक्झॉस्ट ब्रेकची योजना असते. पेट्रोल इंजिनात गतिवर्धकावरील पाय काढताच आत येणारी हवा कोंडली जाते व इंजिन गाडीस मागे ओढते. बहुतेक डिझेल इंजिनांत हवेची वाट मोकळीच राहत असल्याने ही ओढ कमी पडते. एक्झॉस्ट ब्रेकमध्ये धूर बाहेर नेणाऱ्या नळातील एक झडप हवेच्या दाबाने मिटते व त्याच वेळी इंधन बंद होते. बाहेर जाऊ पाहणारी हवा नळात तुंबते, तिच्याविरुद्ध दट्ट्यांना जोर करावा लागतो, आणि तो जोर अखेर मागील चाकांच्या गतीतून येत असल्याने गाडी मंदावते. यात लायनर मुळीच झिजत नाहीत.

मात्र इंजिन जितके वेगाने फिरेल तितकाच हा ब्रेक जोरकस असतो. वरच्या गिअरमध्ये त्याचा उपयोग अल्प होतो. क्लच दाबला वा गाडी न्यूट्रलवर टाकली तर काहीच होत नाही. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करून खालचा गिअर घालावा. ज्या गिअरने घाट चढला त्यानेच उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम चांगला होता. परंतु आजची इंजिने सबळ असल्याने ती वरच्या गिअरमध्येही चढतात, तेव्हा उतरताना त्याहून एक गिअर खाली असणे बरे. एवढे करूनही वेग वाढू लागल्यास पायाचा ब्रेक थोडा वेळ, पण ठाम दाबावा, वेग पुरेसा उतरला की सोडून द्यावा. सतत हलका पाय ठेवून उतरणे हीच ड्रम तापविण्याची रीत होय. सडक निसरडी असेल व गाडी रिकामी असेल, तर एक्झॉस्ट ब्रेकनेही मागील चाके घसरू शकतात, हे ध्यानी ठेवावे.

डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलवर घाट उतरण्याची खोड काही चालकांस असते. तीत प्राणांचा धोका तर आहेच, पण बचतही नाही. गिअरमध्ये असलेल्या गाडीच्या गतिवर्धकावरून पाय काढल्यास उतारावर चाकेच इंजिन फिरवितात व इंधनपुरवठा बंद होतो. उलट न्यूट्रलवर इंजिन चालू राखण्यास डिझेल जळतच राहते.

रेल्वेने हा धोका आरंभापासून ओळखला होता. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांस एक फूट इतका आहे, आणि न आवरणारी गाडी चढाच्या आडमार्गावर घेऊन थोपविण्यासाठी तेथे कॅच सायडिंग ठेवलेली आहेत. अमेरिकेत १९३१ साली कॅहोन खिंड उतरताना क्लेसी कमिन्स या इंजिननिर्मात्याच्या मोटारीचे ब्रेक निकामी झाले व रेल्वेगाडीशी होणारी टक्कर थोडक्यात चुकली. पुढे त्याने कल्पिलेला इंजिन ब्रेक १९६१ साली जेकब्ज कंपनीने बाजारात आणला. त्यात धुराचा नळ न कोंडता सिलिंडरात दाबलेली हवाच ऐन वेळी सोडून देतात.

शेतीच्या ट्रॅक्टरला सहसा एक्झॉस्ट ब्रेक नसतो, आणि मागच्या ट्रॉलीस पुष्कळदा ब्रेकच नसतात. अशा वेळी खालचा गिअर हाच आधार. डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेकपेडल सडकेवर येण्यापूर्वी खिट्टीने जोडून घ्यावेत. एकच पेडल दाबले गेल्यास ट्रॅक्टर एका बाजूस वळतो व भरलेली ट्रॉली त्यास उलथवू शकते.

मोटार ठरविताना एक्झॉस्ट ब्रेक आहे काय व चालतो काय, हे मालकास विचारावे. काजळी धरून त्याची झडप अडकते; ती मधून मधून साफ करवून घ्यावी लागते. घाटात लायनर जळाल्याचा वास आल्यास गाडी सुरक्षित जागी बाजूस घेऊन चाकांना अडण्या लावाव्यात व ड्रम आपोआप निवू द्यावेत. त्यांवर पाणी ओतू नये, तडे जातात.