वायफाय लागलंय पण नेट नाही? आधी नंबर बघा, मग राउटरला हात लावा



पाऊस सुरू झाला की आमच्या हुबळीच्या ऑफिसात एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी येते. करंट गेला, परत आला, आणि तेव्हापासून फोनवर ‘आयपी पत्ता मिळवत आहे…’ एवढंच फिरत बसलंय. किंवा वायफाय जोडलं गेलंय असं दिसतं, पण पान काही उघडत नाही. एरवी आपण उद्या बघू म्हणून सोडून देतो. पण एनएफडीपीवरची नोंदणी अर्धी भरून झालेली असते, ओटीपी येऊन पडलेला असतो, आणि लॅपटॉप हलत नाही. तेव्हा जीव वर-खाली होतो.

जुन्या हुबळीतल्या आमच्या एका सभासदांचं असंच झालं. नाव कशाला, काकाच म्हणू. नेट देणाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले, इथून लाईन ठीक दिसते. शेजारच्या जाणकाराने सांगितलं, राउटर गेलाय, नवा घ्या. काका नवा आणायला निघालेच होते. आम्ही म्हटलं, थांबा जरा, आधी फोनला कुठला नंबर मिळालाय ते बघू. राउटर चांगला होता. बिघाड होता तो वरच्या मजल्यावर, आणि घरातल्यांनीच प्रेमाने आणून ठेवलेला. ते पुढे सांगतो.

आधी हा आयपी म्हणजे काय ते. मासळीची गाडी आली की लिलावाआधी आपण टोकन देतो, तसंच आहे. घरातला प्रत्येक फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर यांना राउटर एकेक नंबर देतो. फोन विचारतो, ‘इथं टोकन कोण देतंय?’ राउटर म्हणतो, ‘मी देतो, हा घे १९२.१६८.१.७.’ फोन म्हणतो, ‘चालेल, हाच द्या.’ राउटर म्हणतो, ‘दिला, वहीत लिहिला.’ चार वाक्यांचा व्यवहार, डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. १९९३ पासून ती चालत आलीय. टोकन कायमचं नसतं, मुदतीचं असतं. बऱ्याच राउटरमध्ये एक दिवसाची मुदत असते. निम्मी मुदत सरली की फोन स्वतःच वाढवून मागतो.

हा व्यवहार कुठे अडला ते नंबरावरूनच कळतं. फोनमध्ये सेटिंग, वायफाय, मग जोडलेल्या नावावर दाबलं की खाली आयपी दिसतो. विंडोजच्या लॅपटॉपवर वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘आयपीव्ही४’ समोर असतो.

नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजा, लॅपटॉपने टोकन मागितलं पण कोणी दिलंच नाही, म्हणून त्याने स्वतःच चिठ्ठीवर नंबर लिहून घेतला. या नंबरावर बाहेरचं नेट चालत नाही. फोन सहसा असा नंबर दाखवत नाही, तो नुसता फिरत राहतो. अशा वेळी राउटरचं बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा, दिवे स्थिर होईपर्यंत दम धरा. तेवढ्यात फोनमधलं ते वायफाय ‘फर्गेट’ करून पासवर्ड परत घाला. निम्मे लोक इथेच मोकळे होतात. नाही झालं तर वायरने लॅपटॉप जोडून बघा. वायरवर नंबर मिळतो आणि वायफायवर नाही, तर अडचण वायफायची. दोन्हीकडे मिळत नसेल तर राउटरमधलं डीएचसीपी बंद पडलंय किंवा कोणीतरी बंद केलंय.

आता काकांची गोष्ट. त्यांच्या मोठ्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१. म्हणजे फोनला १९२.१६८.१ च्या पुढचं काहीतरी मिळायला हवं. काकांच्या फोनला तसंच मिळालं होतं, आणि त्यावर नेट चालत होतं. लॅपटॉपला मात्र १९२.१६८.०.१०३. मधला आकडा शून्य! हा नंबर दिला कोणी? चौकशी केली तेव्हा कळलं, पुतण्याने बेळगावहून येताना एक जुना राउटर आणला होता. वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून खालून वायर ओढून तो जोडला होता. वायर घातली होती पिवळ्या खाचांपैकी एकात, म्हणजे लॅनमध्ये. म्हणजे एकाच घरात टोकन देणारे दोघे बसले होते. जो आधी हाक ऐकेल तो टोकन देणार. खालच्याकडून मिळालं तर नेट चालतं. वरच्याकडून मिळालं तर तो म्हणतो ‘बाहेर जायचं असेल तर माझ्याकडून जा’, आणि त्याच्याकडे बाहेर जायची वाटच नाही. करंट जाऊन आला की दोघंही नव्याने उठतात आणि प्रत्येक वेळी वेगळा कोणी पुढे येतो. म्हणून आज फोन चालतो, उद्या लॅपटॉप, परवा दोन्ही बंद. काका म्हणाले, ‘भूतच म्हणा की!’

उपाय अगदी सोपा निघाला. वरच्या राउटरच्या पानावर जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला आणि त्यातलं डीएचसीपी बंद केलं. वायर होती तिथेच ठेवली. आता टोकन फक्त खालचा देतो, वरचा नुसती रेंज वाढवतो. दुसरी रीत म्हणजे वायर वरच्याच्या ‘वॅन’ खाचेत घालायची. तसंही नेट चालतं, पण मग वरच्या फोनला खालचा प्रिंटर सहसा आपोआप सापडत नाही. आम्ही पहिलीच रीत सांगू. त्या दिवशी नवा राउटर घेतला असता तर पैसे गेले असते आणि भूत तिथंच राहिलं असतं.

दुसरा घोळ धारवाडला जास्त. सप्तापुरात मुलं खोल्या घेऊन राहतात, एकेका मजल्यावर बारा-पंधरा पोरं. प्रत्येकाचा फोन, लॅपटॉप, आलेल्या मित्राचा फोन. राउटरमध्ये टोकनांची मर्यादा कोणीतरी वीसच ठेवली असेल तर एकविसाव्याला मिळणार कुठून? आणि मुदत एक दिवसाची, त्यामुळे सकाळी येऊन गेलेल्या मित्राचं टोकन संध्याकाळपर्यंत अडकूनच. घरमालकाला सांगून राउटरच्या डीएचसीपी पानावर मर्यादा वाढवा (साध्या घरच्या राउटरवर अडीचशेच्या आसपास जाता येतं) आणि मुदत एक-दोन तासांवर आणा. तिथल्याच एका पोराच्या फोनमध्ये कोणीतरी आयपी ‘स्टॅटिक’ करून दिला होता. खोलीवर चालायचं, हुबळीला घरी आला की बंद. फोनमध्ये आयपी सेटिंग ‘डीएचसीपी’च ठेवा, बाकी काही करायला नको.

प्रिंटरचं उलट आहे. त्याचा नंबर बदलला की बिलं निघत नाहीत, म्हणून लोक प्रिंटरमध्येच नंबर पक्का करून टाकतात. करंट जाऊन आला की पुष्कळ राउटर आपली वही विसरतात आणि तोच नंबर एखाद्या फोनला देऊन मोकळे होतात. मग दोघांची टक्कर. नंबर पक्का करायचा तर राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करा, म्हणजे तो नंबर राउटर दुसऱ्याला देत नाही. रिझर्व्हेशन फोनचं करायचं असेल तर एक लक्षात ठेवा. हल्लीचे फोन वायफायला आपला खरा मॅक नंबर दाखवत नाहीत, वेगळा दाखवतात. म्हणून मॅक फोनच्या खोक्यावरून उतरवू नका, राउटरच्या यादीत दिसतो तोच घ्या.

आता आमची स्वतःची चूक सांगतो, लाज वाटली तरी. राउटरच्या मागे पिनेने दाबायचं बारीक भोक असतं, ‘रिसेट’. गेल्या पावसाळ्यात ऑफिसातला राउटर अडला तेव्हा आम्हीच ते दाबलं. फायबरच्या बऱ्याच जोडण्यांत राउटरमध्ये एक युजरनेम आणि पासवर्ड घातलेला असतो. तो पुसला गेला. कागद सापडेना, माणूस येईना, दोन दिवस गाडीची बिलं हाताने लिहिली. बंद-चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं. ते युजरनेम आजच लिहून ठेवा, मीटरच्या बोर्डाजवळ चिकटवा, हवं तर आमच्याकडे ठेवा.

सगळ्यांना नंबर बरोबर मिळालेत, तरी नेट नाही? मग फायबरच्या डब्यावरचा ‘लॉस’चा दिवा बघा. लाल असेल तर उजेडच येत नाहीये, केबल तुटलीय किंवा निघालीय. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ समोर ०.०.०.० दिसत असेल तर बाहेरचं टोकन मिळालं नाही. ही दोन्ही कामं बहुतेक वेळा नेट देणाऱ्यांचीच. तिथे १००.६४ ते १००.१२७ मधला नंबर असेल तर मात्र घाबरू नका. जगातले नंबर संपत आले (मोठा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाला), म्हणून कंपन्या एकच बाहेरचा नंबर अनेक घरांत वाटून देतात. नेट व्यवस्थित चालतं. फक्त बर्फखान्यातला कॅमेरा जुन्या पद्धतीने, पोर्ट उघडून बाहेरून बघायचा असेल तर जमत नाही. क्लाउडवाला कॅमेरा घ्या किंवा कंपनीकडून वेगळा नंबर मागा.

आणि हो, फॉर्मची मुदत आजच संपत असेल तर यातलं काहीही करू नका. फोनचा हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप त्याला जोडा, फॉर्म भरून टाका. राउटर रात्री बघू.

ऑफिसात विचारायला येताना तीन फोटो घेऊन या: फोनवरच्या आयपीचा, राउटरच्या पुढच्या दिव्यांचा, आणि मागे कुठली वायर कुठल्या खाचेत आहे त्याचा. घरात दुसरा जुना राउटर कुठे लावलाय का, हे पोरांना विचारूनच या.